पट्ट्याचा मान आणि देहाची मर्यादा

जाड सुताची, दोन बोटें रुंद अशी एक पट्टी. बाजारांत तिची किंमत फारशी नाहीं. परंतु ती काळ्या रंगाची असली आणि कमरेला बांधण्याचा अधिकार एखाद्या विद्यार्थ्यानें परीक्षा देऊन मिळविला असला, म्हणजे तिच्यामागें कित्येक वर्षांचा घाम, शेंकडों वेळां खाल्लेली आपटी आणि गुरूची पारख उभी असते. ज्युदो, कराटे, तायक्वांदो या पूर्वेकडील युद्धकला आज महाराष्ट्रांतील शहरांतून आणि तालुक्याच्या गांवांतूनहि शिकविल्या जातात. शाळेच्या सभागृहांत संध्याकाळीं पांढरे अंगरखे घातलेलीं मुलें रांगेनें उभीं राहतात, आणि दर कांहीं महिन्यांनीं परीक्षा होऊन कोणाच्या पट्ट्याचा रंग बदलतो, कोणाचा तोच राहतो. या रांगेंत एखादे दिवशीं एक हात कोपराखालीं नसलेली मुलगी येऊन उभी राहते. कधीं दृष्टि नसलेला मुलगा येतो. कधीं चाकांच्या खुर्चीवरील तरुण येतो. शिकविणारा त्यांना आनंदानें प्रवेश देतो. तींहि नेमानें येतात आणि इतरांइतकीच मेहनत करतात. परीक्षेचा दिवस उजाडतो तेव्हां मात्र परीक्षकाच्या हातांतील कागदावर लिहिलेलें असतें : अमुक इतक्या लाथा, अमुक इतक्या फेकी, उजवीकडून आणि डावीकडून. आतां परीक्षकानें काय करावें ?

या प्रश्नाचीं तीन उत्तरें सामान्यतः दिलीं जातात. पहिलें नकाराचें : कागदावर लिहिलें आहे तें करतां येत नसेल, तर पट्टा नाहीं. दुसरें दयेचें : बिचाऱ्यानें एवढी मेहनत केली आहे, तेव्हां जें जमत नाहीं तें सोडून द्या आणि पट्टा देऊन टाका. तिसरें मानाचें : परीक्षेच्या भानगडींत न पडतां एखाद्या समारंभांत टाळ्यांच्या गजरांत त्याच्या कमरेला पट्टा बांधा आणि वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून आणा. तिन्ही उत्तरें देण्यास सोपीं आहेत आणि तिन्हींत उणीव एकच आहे. त्यांत विद्यार्थ्याची परीक्षा होतच नाहीं. पहिल्या उत्तरांत ती होण्यापूर्वींच निकाल लागलेला असतो, दुसऱ्यांत ती अर्ध्यावर सोडली जाते, आणि तिसऱ्यांत तिची गरजच कोणाला वाटत नाहीं. वस्तुतः त्या विद्यार्थ्याला हवी असते ती परीक्षाच. दोन-तीन वर्षें खपून आपल्याला काय आलें आणि काय यावयाचें राहिलें, हें इतर मुलांप्रमाणें त्यालाहि जाणून घ्यावयाचें असतें. तें त्याला कोणी सांगत नाहीं, हा त्याच्यावर होणारा खरा अन्याय होय.

यांहून बरें असें चौथें उत्तर शोधावयाचें, तर ही पायऱ्यांची पद्धत मुळांत कशासाठीं निघाली तें पाहिलें पाहिजे. जपानांतील जुजुत्सूच्या जुन्या घराण्यांतून रंगीत पट्टे नव्हते. गुरु शिष्याला वर्षानुवर्षें शिकवी, आणि विद्येचा एक भाग त्याच्या हातीं आला अशी खात्री पटली म्हणजे त्याला लेखी सनद देई. अशा सनदा मोजक्या असत आणि दोन सनदांमध्यें बराच काळ जाई. १८८२ सालीं जिगोरो कानो या तरुण अध्यापकांनीं टोकियोंतील एइशोजी या बौद्ध मंदिरांत, अवघ्या बारा चटयांच्या जागेंत, कोदोकान नांवाची आपली शाळा काढली. पहिल्या वर्षीं शिष्य मिळाले ते नऊ. जुन्या विद्येंतील घातक भाग बाजूला ठेवून आणि तिच्यांतील तत्त्व उचलून त्यांनीं जी नवी विद्या रचली तिला त्यांनीं ज्युदो, म्हणजे मृदुतेचा मार्ग, असें नांव दिलें. दुसऱ्याच वर्षीं, १८८३ मध्यें, शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोन शिष्यांना त्यांनीं पहिलें ‘दान’ दिलें. शिकाऊ विद्यार्थ्यांच्या खालच्या पायऱ्यांना ‘क्यू’ म्हणूं लागले, आणि काळा पट्टा हें दान मिळाल्याचें चिन्ह ठरलें. कराटेंत गिचिन फुनाकोशी यांनीं १९२४ सालीं हीच पद्धत स्वीकारली. पुढें कोरियाच्या तायक्वांदोनेंहि ती घेतली.

येथें शब्दाचा एक योगायोग ध्यानांत घेण्यासारखा आहे. जपानी भाषेंत दान म्हणजे पायरी. मराठींत दान म्हणजे देणगी. अपंग विद्यार्थ्याच्या बाबतींत पुष्कळदा असें होतें कीं, त्याला जपानी दान देण्याच्या नांवाखालीं मराठी दान दिलें जातें. पायरी ही चढून जावयाची असते. ती कोणी कोणाच्या पदरांत टाकूं शकत नाहीं.

ही पद्धत ज्यांनीं घातली ते कानो स्वतः अंगानें लहानखुरे होते. लहानपणीं शाळेंतील दांडगट मुलांच्या हातून त्यांना मार खावा लागे, आणि त्यावर उपाय म्हणूनच ते जुजुत्सूकडे वळले. १८७७ सालीं हाचिनोसुके फुकुदा या गुरूपाशीं त्यांचें शिक्षण सुरू झालें. अंगानें मोठ्या प्रतिस्पर्ध्याशीं बळाला बळ लावून आपला निभाव लागणार नाहीं, हें त्यांना लवकरच कळून चुकलें. त्याच्या जोराला वाट करून देऊन त्याचाच तोल मोडावा, हा मार्ग त्यांनीं धरला. पुढें आपल्या सर्व शिकवणुकीचें सार त्यांनीं दोन सूत्रांत सांगितलें. आपल्या शक्तीचा उत्तमांत उत्तम उपयोग करणें हें एक, आणि आपलें व दुसऱ्याचें कल्याण बरोबरीनें साधणें हें दुसरें. म्हणजे ज्युदोचा जन्मच मुळीं देहाच्या मर्यादेंतून झाला. ज्या विद्येचा आद्य गुरु आपल्या उण्या बळाचा विचार करतां करतां विद्येच्या तत्त्वापर्यंत पोंचला, तिच्या परीक्षेंत देहाच्या मर्यादेला स्थान नाहीं असें म्हणणें विसंगत होय.

परंतु तत्त्व मान्य झालें तरी परीक्षा तपशिलानेंच घ्यावी लागते. ज्युदोच्या परीक्षेंत स्थूलमानानें चार गोष्टी पाहतात. पहिली, इजा न होतां पडतां येणें. दुसरी, निरनिराळे डाव. तिसरी, प्रत्यक्ष लढतींतील कर्तबगारी. आणि चौथी, काता. काता म्हणजे दोघांनीं ठराविक क्रमानें, ठराविक पावलांनीं करून दाखवावयाचे डाव. त्यांत हारजीत नसते. डावामागील तत्त्व किती समजलें आहे तें दिसतें. फेकींच्या कातांत पंधरा डाव असतात : हातांचे तीन, कमरेचे तीन, पायांचे तीन, आणि स्वतः खालीं पडून प्रतिस्पर्ध्याला फेकण्याचे सहा. प्रत्येक डाव उजवीकडून आणि डावीकडून करावयाचा असतो. गादीवर धरून ठेवण्याच्या कातांतहि पंधरा डाव आहेत : पांच दाबून धरण्याचे, पांच गळा आवळण्याचे आणि पांच सांधे पिरगाळण्याचे.

आतां यांतील कोणताहि डाव घेतला तर त्याचे दोन भाग करतां येतात. डावानें काय साधावयाचें हा एक भाग, आणि तें कोणत्या अवयवानें साधावयाचें हा दुसरा. फेकीचें उदाहरण घ्यावें. तिचे तीन टप्पे शिकविले जातात : आधीं समोरच्याचा तोल मोडणें, मग आपलें अंग योग्य जागीं नेणें, आणि शेवटीं फेकणें. तोल मोडल्यावांचून केलेली फेक ही नुसती ओढाताण होय. ती धडधाकट विद्यार्थ्यानें केली तरी जाणता परीक्षक तिला गुण देत नाहीं. उलट, एकाच हाताची पकड असलेल्या मुलीनें समोरच्याचें पाऊल जमिनीवर टेकतां टेकतां नेमक्या क्षणीं आपल्या पायानें तें झाडलें आणि तो आडवा झाला, तर तीनहि टप्पे पुरे झाले. तिच्यासाठीं दोन हातांच्या पकडीचा डाव गाळला असेल. तोल मोडण्याची कसोटी मात्र गाळलेली नाहीं. किंबहुना एका हातानें तोल मोडावयाचा म्हटल्यावर क्षण साधण्याची तिची जबाबदारी वाढलेलीच आहे.

दृष्टिहीन विद्यार्थ्याचेंहि तसेंच आहे. एकदां अंगरख्याची बाही आणि गळपट्टी हातांत आली, म्हणजे समोरच्याच्या खांद्याची हालचाल, त्याच्या पायावर पडलेला भार, त्यानें घेतलेला श्वास हें सर्व त्याला हातानें वाचतां येतें. डोळस विद्यार्थ्यालाहि गुरु हेंच शिकवीत असतो. पुष्कळ ठिकाणीं डोळसांना डोळे मिटून सराव करावयास लावतात तो याचसाठीं. अडचण येते ती अगदीं थोड्या जागीं. वर सांगितलेल्या फेकींच्या कातांतील पंधरांपैकीं चार डावांत प्रतिस्पर्धी दुरून ठोसा उगारून येतो. तो ठोसा दिसत नाहीं, म्हणून सबंध काताच या विद्यार्थ्याला बंद करणें हा आळस झाला. सोबत्यानें पाऊल टाकतांना आवाजाची खूण करावी, किंवा हल्ल्याची सुरुवात स्पर्शानें करावी, एवढ्या फरकानें काम भागतें. ठोसा चुकवून त्याच्याच वेगानें माणूस पाठीवर घेण्याचें कसब त्याला तरीहि दाखवावेंच लागतें.

ज्याला उभें राहतां येत नाहीं त्याच्यासाठीं ज्युदोंत गादीवरील डावांचें अर्धें शास्त्र मोकळें आहे. त्याच्याकडून उभ्या फेकी मागूं नयेत. परंतु धरण्याचे, सुटण्याचे आणि उलटविण्याचे डाव इतरांपेक्षां अधिक संख्येनें व अधिक खोलवर मागावेत. कराटेंतील चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याचा विचारहि याच रीतीनें करावा. लाथेचें काम काय ? हाताच्या पल्ल्याबाहेरील प्रतिस्पर्ध्याला अंतरावर ठेवणें आणि त्या अंतरावरून आघात करणें. खुर्चीवरील विद्यार्थ्याचें अंतर चाकांवर अवलंबून असतें. तेव्हां खुर्ची पुढें नेऊन थांबतांक्षणींच त्याचा ठोसा सुटतो कीं नाहीं, खुर्ची कोन करून वळवितांना त्याचें धड सांवरलेलें राहतें कीं नाहीं, हें परीक्षकानें पाहावें. लाथ नुसती वगळली तर परीक्षा दुबळी होते. लाथेच्या जागीं तितकेंच कठीण आणि त्याच हेतूचें दुसरें काम मागितलें तर तिचा कस कायम राहतो. वगळणें आणि बदलणें यांतील हा भेद ज्यानें ओळखला त्याला पुढची वाट सोपी जाते.

हा केवळ कल्पनेचा खेळ नाहीं याला जगाच्या क्रीडांगणावरचा पुरावा आहे. १९८८ सालीं सेउल येथील पॅरालिंपिक स्पर्धांत दृष्टिहीन पुरुषांच्या ज्युदोचा प्रथम समावेश झाला. २००४ सालीं अथेन्स येथें स्त्रियांनाहि प्रवेश मिळाला. या लढतींचे नियम डोळस खेळाडूंच्या नियमांहून फारसे निराळे नाहींत. मुख्य फरक एवढाच कीं, दोघे खेळाडू एकमेकांचा अंगरखा धरूनच लढतीला सुरुवात करतात, आणि पकड सुटून ते दूर झाले तर पंच लढत थांबवून त्यांना पुन्हां पकडीवर आणतो. पकड मिळविण्याची जी झटापट डोळस खेळाडू आरंभीं करतात तिला दृष्टि लागते; म्हणून तेवढाच भाग बदलला. फेकी त्याच, धरण्याचे आणि गळा आवळण्याचे डाव तेच, पूर्ण गुणाची व्याख्याहि तीच. ज्यांनीं हा नियम केला त्यांनीं आधीं विचारलें असेल कीं, दृष्टीची गरज नेमकी कोठें लागते ? सर्वत्र लागते असें धरून चालले असते, तर ज्युदो दृष्टिहीनांना बंदच राहिला असता. कोठेंच लागत नाहीं असें म्हटलें असतें, तर लढत अन्यायाची झाली असती.

पुढें अनुभवानें आणखी सुधारणा झाली. पूर्वीं पूर्ण दृष्टिहीन आणि अंशतः दिसणारे खेळाडू एकाच गटांत लढत. २०२४ सालच्या पॅरिस पॅरालिंपिकमध्यें त्यांचे दोन वेगळे वर्ग होते. यांपैकीं पूर्ण दृष्टिहीनांकरितां असलेल्या वर्गांत, ६० किलो वजनगटांत, मध्यप्रदेशांतील सिहोरच्या कपिल परमार यानें कांस्यपदक मिळविलें. पॅरालिंपिकमधील ज्युदोंत भारताला मिळालेलें तें पहिलेंच पदक. लहानपणीं विजेचा धक्का बसून झालेल्या अपघातानें त्याच्या दृष्टीला अपाय झाला होता. तायक्वांदोचा पॅरालिंपिकमध्यें प्रवेश झाला तो टोकियोच्या स्पर्धांत, २०२१ सालीं. तेथें हातांत व्यंग असलेले खेळाडू लढतात, आणि डोक्यावर लाथ मारण्यास मनाई असते. कारण हातानें डोकें राखण्याची सोय सर्वांना सारखी नसते. धडावरील साध्या लाथेला दोन गुण, वळून मारलेल्या लाथेला तीन आणि पूर्ण गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला चार. तेथेंहि धोक्याचा भाग तेवढा काढला. कौशल्याची चढती किंमत जशीच्या तशी ठेवली. हरियाणाची अरुणा तंवर ही त्या स्पर्धांत भारतातर्फे उतरली होती.

मात्र स्पर्धेंतील वर्ग आणि कलेंतील पायरी या दोन गोष्टींची गल्लत होतां कामा नये. कोणीं कोणाशीं लढावें म्हणजे लढत न्यायाची होईल, हें वर्ग सांगतो. तो देह पाहून ठरतो. एखाद्यानें विद्या किती आत्मसात केली, हें पायरी सांगते. ती देह पाहून ठरवूं नये. डोळस विद्यार्थ्यांतहि अनेकजण आयुष्यांत एकहि पदक न मिळवितां उत्तम गुरु होतात, आणि पदकें मिळविणारे कांहीं शिकवितांना अडखळतात. म्हणून, दिव्यांग विद्यार्थ्यानें आधीं पदक आणावें आणि मग पायरी मागावी, हें म्हणणेंहि बरोबर नाहीं.

येथें एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाहीं. काळा पट्टा हा जगाला दिलेला दाखला आहे. ज्याच्या कमरेला तो आहे त्याच्याकडे उद्यां मुलें शिकावयास येतील, त्यांचे आईबाप त्याच्यावर विश्वास ठेवतील. ज्यानें स्वतः कधीं लाथ मारली नाहीं, तो लाथ शिकविणार कशी ? शिवाय ज्या मुलानें सर्व पंधरा फेकी दोन्ही बाजूंनीं घोटल्या, त्याला शेजारच्याची निराळी परीक्षा पाहून आपली मेहनत स्वस्त झाली असें वाटणार नाहीं काय ? या आक्षेपाचें उत्तर असें कीं, शिकविण्यासाठीं डाव स्वतः करतां येणें उपयुक्त असलें तरी तें पुरेसें नसतें आणि नेहमीं आवश्यकहि नसतें. दुसऱ्याच्या डावांतील चूक दिसणें, ती शब्दांत सांगतां येणें आणि त्याचें अंग वळवून दाखविणें हें लागतें. तेव्हां जो डाव विद्यार्थ्याला स्वतःच्या देहानें करतां येत नाहीं, तो त्यानें एखाद्या कनिष्ठ विद्यार्थ्याला परीक्षकासमोर शिकवून दाखवावा. ही कसोटी डाव करून दाखविण्यापेक्षां सोपी आहे असें ज्याला वाटत असेल त्यानें ती एकदां देऊन पाहावी. शेजारच्या मुलाची तक्रारहि मग उरत नाहीं. कारण त्याला डोळ्यांसमोर कठीण परीक्षा होतांना दिसते. त्याची मेहनत खरोखर स्वस्त होते ती दयेच्या पट्ट्यानें.

दुसरें असें कीं, देहाप्रमाणें परीक्षा बदलणें या विद्यांना नवीन नाहीं. वयाच्या बाबतींत हें पूर्वींपासून चालत आलें आहे. ज्युदोंतील सहाव्या, सातव्या, आठव्या दानाचा लाल-पांढरा पट्टा आणि नवव्या-दहाव्या दानाचा लाल पट्टा हे सहसा उतारवयांत मिळतात. त्या वयांत कोणी त्या वृद्ध गुरूला विशीच्या तरुणाशीं लढून दाखवा असें म्हणत नाहीं. त्याचें ज्ञान, त्यानें घडविलेले शिष्य, त्यानें कलेची केलेली सेवा यांचें मोल केलें जातें. सत्तराव्या वर्षीं ज्याचे गुडघे वाकत नाहींत त्याला जो न्याय मिळतो, तो सतराव्या वर्षीं ज्याचे गुडघे वाकत नाहींत त्याला कां मिळूं नये ? वयानें आलेली मर्यादा आदरणीय आणि जन्मानें किंवा अपघातानें आलेली मर्यादा अपात्र, असा भेद करण्यास कलेच्या तत्त्वांत कांहींच आधार नाहीं.

या संबंधांत केइको फुकुदा यांचें चरित्र बोलकें आहे. कानो यांचे पहिले गुरु हाचिनोसुके फुकुदा यांची ही नात. १९१३ सालीं जन्मलेल्या या बाई १९३५ सालीं कोदोकानच्या स्त्रियांच्या शाखेंत दाखल झाल्या. उंची पांच फुटांहूनहि कमी, वजन बेताचें. मृदुतेचा काता म्हणून जो पंधरा डावांचा काता आहे आणि ज्यांत कोणाला जमिनीवर आपटावें लागत नाहीं, त्यांत त्यांनीं असामान्य प्रावीण्य मिळविलें. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्यें त्यांनीं तो करून दाखविला. परंतु स्त्रियांना पांचव्या दानापुढें जाऊं द्यावयाचें नाहीं असा त्या वेळचा प्रघात होता. १९५३ सालीं पांचवें दान मिळालेल्या या बाईंना सहावें मिळण्यास १९७२ साल उजाडलें. पुढें २००६ सालीं कोदोकाननें त्यांना नववें दान दिलें, आणि २०११ सालीं, वयाच्या ९८ व्या वर्षीं, अमेरिकेच्या ज्युदो संस्थेनें दहावें दिलें. सॅन फ्रान्सिस्को येथें त्या नव्वदी उलटल्यानंतरहि शिकवीत असत. २०१३ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांची विद्या पांचव्या दानापाशीं अडली नव्हती, अडला होता तो मोजणाऱ्यांचा मापदंड.

जपानांत दीर्घकाळ स्त्रियांच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध एक पांढरी रेघ असे. ती रेघ पाहतांच, हा पट्टा निराळा आहे, हें दुरूनच कळे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ती रेघ पुढें गेली. अपंग विद्यार्थ्याच्या पट्ट्यावर किंवा प्रमाणपत्रावर ‘विशेष’, ‘मानद’ असे शब्द लिहिण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनीं या रेघेची आठवण ठेवावी. परीक्षेंत कोणते डाव मागितले आणि कोणत्या डावांच्या जागीं काय घेतलें, याची नोंद संस्थेच्या दप्तरांत अवश्य असावी. ती प्रामाणिकपणाची खूण आहे. परंतु कमरेचा पट्टा मात्र इतरांसारखाच असावा. जो पट्टा देतांना त्यावर रेघ ओढावीशी वाटते, तो देण्यापूर्वीं घेतलेली परीक्षा पुन्हां तपासून पाहावी.

व्यवहारांत हें सर्व आणावयाचें तर कांहीं पथ्यें पाळावीं लागतील. परीक्षेंतील बदल परीक्षेच्या दिवशीं, परीक्षकाच्या मनःस्थितीवर सोडूं नयेत. सहा महिने आधीं विद्यार्थी आणि गुरु यांनीं एकत्र बसून ते लिहून काढावेत आणि परीक्षकाला दाखवावेत. आपल्या देहाला काय जमतें याची माहिती सर्वांत अधिक त्या विद्यार्थ्यालाच असते. त्याला न विचारतां केलेली यादी बहुधा एक तर फार सोपी होते, नाहीं तर अशक्य. मोडलेलें हाड किंवा मुरगळलेला पाय असेल तर परीक्षा बदलूं नये, पुढें ढकलावी. बदल हा कायमच्या मर्यादेसाठीं आहे. आज जमत नाहीं आणि कधींच जमणार नाहीं, या दोहोंतील फरकहि ओळखावा. कित्येकदा, अशक्य म्हणून सोडून दिलेला डाव दोन वर्षांच्या मेहनतीनंतर साधतो, आणि तो आधींच यादींतून काढून टाकणाऱ्या गुरूनें विद्यार्थ्याचें नुकसानच केलेलें असतें.

कांहीं गोष्टी मात्र कोणासाठींहि बदलतां येत नाहींत. सोबत्यानें हातानें थोपटून हार मानतांच डाव सोडणें ही त्यांतील पहिली. ज्याला ऐकूं येत नाहीं त्याला थांबण्याची खूण स्पर्शानें करावी. परंतु खूण होतांच थांबणें हें त्याच्याकडूनहि तितक्याच काटेकोरपणें मागावें. आपल्या देहाला साधेल त्या रीतीनें सुरक्षितपणें पडतां येणें, रागावर ताबा असणें, कनिष्ठांशीं सांभाळून वागणें, आपल्या कलेचा इतिहास आणि डावांचीं नांवें ठाऊक असणें, यांत हात-पाय-डोळ्यांचा प्रश्न येत नाहीं. आणि यांपैकीं कांहीं उणें असेल तर त्या विद्यार्थ्याला नापास करण्याचें धैर्य परीक्षकापाशीं असलें पाहिजे. नापास होण्याचा अधिकार ज्याला नाहीं, त्याच्या उत्तीर्ण होण्याला अर्थ राहत नाहीं.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याचीहि बाजू आहे. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांसंबंधींच्या कायद्यानें एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं आहेत, आणि खेळांत अशा व्यक्तींना खऱ्या अर्थानें भाग घेतां यावा यासाठीं उपाय योजण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. परंतु कायदा दार उघडूं शकतो. पट्ट्याची परीक्षा कशी घ्यावी हें तो सांगूं शकत नाहीं. तें आखाड्याच्या जाणत्यांनींच ठरवावयाचें आहे. महाराष्ट्राच्या तालमींना ही दृष्टि परकी नाहीं. तांबड्या मातींत उतरलेल्या सर्व पठ्ठ्यांना वस्ताद एकच डाव एकाच रीतीनें शिकवीत नाहीं. उंच पठ्ठ्याला तो एक डाव देतो, बुटक्याला दुसरा. ज्याची पकड घट्ट त्याच्या हाताचें काम वाढवितो, ज्याचे पाय चपळ त्याच्या पायाचें. अंगकाठी पाहून डाव द्यावा, हें तालमींत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें शहाणपण आहे. तेंच एक पाऊल पुढें नेऊन, ज्याला एक हात नाहीं त्याचीहि अंगकाठीच पाहावी, एवढेंच येथें करावयाचें आहे.

असें झालें तर त्याचा लाभ एकट्या अपंग विद्यार्थ्यालाच होईल असें नाहीं. प्रत्येक डाव कशासाठीं आहे, हें ज्या वर्गांत गुरूला स्वतःशीं विचारावें लागतें, त्या वर्गांतील सगळींच मुलें डाव समजून शिकतात. जो परीक्षक कागदावरील आंकडे मोजण्याऐवजीं तोल, क्षण आणि संयम पाहूं लागतो, त्याच्या हातून धडधाकट मुलांच्याहि परीक्षा अधिक चोख होतात. आणि ती एक हात नसलेली मुलगी, तो दृष्टिहीन मुलगा, तो खुर्चीवरील तरुण ज्या दिवशीं खऱ्या परीक्षेंतून उतरून पट्टा बांधतील, त्या दिवशीं त्यांच्याकडे पाहून कोणी हळहळणार नाहीं. ज्यांना त्या विद्येची जाण आहे ते एवढेंच विचारतील कीं, पुढच्या पायरीची तयारी केव्हां सुरू करणार ?